मागच्या भिंतीची दिशा

श्यूलान : तिथं नगा बसू, शांग मास्तर. त्या स्टुलाचा उत्तरेकडचा पाय मोडलाय. जरा पूर्वेला सरका. हां, आता टेका.

शांग : टेकतो, वहिनी. दम लागलाय. ही घळ पूर्वी एवढी उभी नव्हती.

श्यूलान : घळ हाय तशीच हाय. तुम्ही बहात्तरचे झालात. आन् ही कोण? लेक का?

शांग : नाही, नाही. ही यू मिन. माझी विद्यार्थिनी होती.

श्यूलान : व्हती म्हंजे?

यू मिन : आता यूलिनला शाळेत भूगोल शिकवते, काकू. सरांना गाडी चालवता येत नाही, म्हणून मी घेऊन आले.

श्यूलान : रविवार मोडला मंग पोरीचा. बूट काढ आन् कांगवर, त्या मातीच्या ओट्यावर, चढून बस, खाली जाळ हाय. राळ्याची पेज ठेवलीय, लाल बोरं घालून. शिजंल एवढ्यात.

शांग : पेज नंतर, वहिनी. आधी ती मागची बळद बघायचीय. डोंगरात कोरलेली, बटाटे ठेवायची.

श्यूलान : बळद कुठं पळून जात न्हाई. उद्यापर्यंत तरी. उद्या सोमवार, उद्या ते यंत्र आणणार आन् आळीतली समदी घरं मातीनं बुजवणार. आमाला तालुक्याला फ्लॅट दिलेत. सहावा मजला. पन्नास वर्सं डोंगराच्या पोटात काढली, आता हवेत लोंबकळायचं.

शांग : म्हणूनच आज आलो. बळदीतून मातीचा एक ठोकळा काढायचाय. पुन्हा एकदा.

श्यूलान : पुन्ना? छत्तीस वर्सांमागं आमच्या म्हाताऱ्यानं चौदा काढून दिले व्हते. ते संपले?

यू मिन : संपले नाहीत. पटत नाहीत.

शांग : यू मिन.

यू मिन : सांगू ना त्यांना? त्यांच्या घरात खणणार आहोत आपण.

श्यूलान : काय पटत न्हाई? भिंतीवर बघ, पोरी. दाराच्या पश्चिमेला. ते चौकटीतलं सर्टिफिकेट. तुज्या सरांच्या संस्थेनं दिलंय. 'हाओ चेंगवांग, यांनी पृथ्वीच्या अभ्यासाला मोलाची मदत केली.' लाल शिक्का बी हाय खाली. म्हातारा चार वर्सांमागं गेला, पर मरस्तवर रोज सकाळी ती काच पुसायचा. मी तापानं फणफणले तर माझ्या कपाळाला कधी फडकं लावलं न्हाई मेल्यानं.

यू मिन : सर्टिफिकेट कशासाठी मिळालं, ते सांगायचे का ते लोकांना?

श्यूलान : सांगायचा म्हंजे? लगीन असू दे, मयत असू दे, दोन घोट पोटात गेले की गाडी चालू. 'लई जुनी गोष्ट हाय, माणूस नव्हता तवाची. हितं समदी लाल माती. ऊन, पाऊस, हे एवढं गवत. मंग तिकडं पश्चिमेला जमीन जमिनीला धडकली आन् डोंगर वर आला. एवढा वर आला की ढगाला ओलांडता येईना. पल्याड समदं वाळून गेलं, वाळवंट झालं. आन् मंग वारा फिरला. एकदम फिरला. जुना वारा एका अंगानं यायचा, नवा दुसऱ्या अंगानं. त्यानं ते वाळवंट चिमूट चिमूट उचललं आन् हितं आणून टाकलं, लाखो वर्सं. त्या पिवळ्या मातीत आपली घरं. आन् वारा फिरला हे जगाला कशावरनं कळलं? माझ्या बळदीतल्या मातीवरनं. माझ्या हातच्या बाणावरनं.' असं म्हणून हात असा वर करायचा. मी म्हणायची, खाली घे आता, भात सांडंल.

शांग : चांगलं सांगायचा हाओदादा. मी परिषदेत सांगायचो तेव्हा लोक जांभया द्यायचे.

यू मिन : बरंचसं खरंही आहे ते, काकू. डोंगर वर आला, नवा खडक उघडा पडला, पावसानं झिजायला लागला. झिजता झिजता त्यानं हवेतला कार्बन ओढून घेतला आणि नद्यांनी तो समुद्रात नेऊन टाकला. पृथ्वी गार पडत गेली. मी सातवीच्या मुलांना सांगते, पृथ्वीनं अंगावरची एकेक गोधडी काढून ठेवली. डोंगर, थंडी, वाळवंट, धूळ, सगळं खरं. भांडण फक्त 'एकदम फिरला' या दोन शब्दांचं आहे.

श्यूलान : कुणाचं भांडण?

शांग : यंदाच्या वसंतात एक लेख आलाय, वहिनी. दुसऱ्या गटाचा. त्यांनी पाच घळींतली माती मोजली. ते म्हणतात, वाऱ्याचा जोर वाढला, थंडी वाढली, धूळ वाढली, पण दिशा होती तीच राहिली.

श्यूलान : आन् तुम्ही म्हणता फिरली.

शांग : एकेचाळीस अंशांनी. छत्तीस वर्षं तेच म्हणत आलोय. माझ्या नावापुढं तेवढं एकच वाक्य आहे.

यू मिन : आणि अकरा वर्षांपूर्वी मी म्हणाले होते, फिरली नाही.

शांग : तो विषय आता...

यू मिन : मी नाही काढत विषय, सर. काकूंनी विचारलं ना, 'व्हती म्हंजे काय', त्याचं सांगतेय. काकू, मी पलीकडच्या घळीत तीन हिवाळे खणलं. एकेका ठोकळ्यावर तीन-तीनदा होकायंत्र लावून उत्तरेचा बाण काढला. सर म्हणायचे, तुझ्या खुणा चुकतायत. तुझा हात स्थिर नाही. चौथ्या हिवाळ्यात मी गेलेच नाही.

श्यूलान : आन् तरी बी आणलंस यांना?

यू मिन : अकरा वर्षांनी परवा फोन आला. 'कशी आहेस' नाही, काही नाही. 'होकायंत्र आहे का तुझ्याकडे?' कपाटात होतं. नाही म्हणायचं होतं, काकू, पण नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो.

श्यूलान : ते खरं हाय. मला बी त्या फ्लॅटला नाही म्हणायचं व्हतं. चला. ती बॅटरी घे खिळ्यावरची, बळदीत उजेड न्हाई.

शांग : वहिनी, हात द्या जरा.

श्यूलान : डोकं वाकवा, मास्तर. आणखी. मागल्या बारीला हितंच टेंगूळ आलं व्हतं तुमाला. पोरी, पश्चिमेच्या बाजूनं ये, पूर्वेला बटाटे हायत.

यू मिन : आले.

शांग : ही बघ. ही रेघ. खाली लाल, वर पिवळी.

यू मिन : एवढी स्पष्ट? मला माझ्या घळीत अशी कुठंच मिळाली नाही. हात लावू?

शांग : लाव. सव्वीस लाख वर्षं झाली. तळव्याखाली सगळं मावतं.

यू मिन : आणि हे चौकोनी खड्डे?

शांग : चौदा आहेत. मोज. हाओदादाचं काम. कडा बघ कशा सरळ आहेत, आमच्या संस्थेतली शिकलेली पोरं पावाचा तुकडा असा कापू शकत नाहीत.

श्यूलान : नंतर मी त्यात लसूण ठेवायची. एकेका खड्ड्यात एकेक गड्डा. बरोब्बर बसायचा.

यू मिन : काकू, हे ठोकळे कशाला लागतात, ते ठाऊक आहे?

श्यूलान : खळ्यावर उफणताना काड्या वाऱ्याच्या अंगानं आडव्या पडतात, तशी धूळ बी पडती. तिच्यावरनं वारा कळतो. म्हाताऱ्यानं शंभरदा सांगितलंय.

यू मिन : बरोबर. पण ठोकळा एकदा सुटा झाला की तो कुठं तोंड करून बसला होता ते कळत नाही. म्हणून काढायच्या आधी वरच्या अंगावर उत्तरेचा बाण काढायचा. पुढचं सगळं त्या बाणावर. सर, वरच्या पिवळ्या मातीचे ठोकळे तुम्ही बाहेर घळीत काढले होते ना?

शांग : स्वतः. एकूणएक, होकायंत्र लावून. या घळीत बाहेरची लाल माती सगळी वाहून गेली होती. ती फक्त इथं सापडली, या बळदीत.

श्यूलान : तुमाला कुठं सापडली? म्हाताऱ्यानं दाखवली तुमाला. आन् दाखवली त्याच दिवशी तुम्ही आडवे झालात. सांगितलं व्हतं, कुट्टूच्या पिठाच्या शिळ्या वड्या खाऊ नगा. शहरातलं पोट. ट्रॅक्टरवर घालून नेलं यांना दवाखान्यात, पोरी, वर गोधडी टाकून. रस्ताभर थांबत थांबत.

शांग : तेवढं तपशिलात नको.

यू मिन : किती दिवस होते दवाखान्यात?

शांग : दोन-तीन दिवस असतील.

श्यूलान : पाच. मीच पाठवायची डबा. तवा आमच्या म्हाताऱ्यानं एकट्यानं चौदा बी ठोकळे काढले. आन् काय थाट! आधी हात धुवायचा. माझ्या सुईदोऱ्याच्या डब्यातली पट्टी घ्यायचा. पेन्शिलीला टोक काढायचा. बाण काढताना मला म्हणायचा, श्वास घेऊ नगंस, माती हलंल.

यू मिन : काकू, थांबा. चौदाही बाण त्यांनी काढले? सर नसताना?

श्यूलान : व्हय की. मास्तर आले तवा समदे कापसात गुंडाळून पेटीत भरून तयार.

यू मिन : होकायंत्रं किती होती तुमच्याकडे, सर?

शांग : एक.

यू मिन : कुठं होतं त्या पाच दिवसांत?

श्यूलान : त्यांच्यापाशीच. पितळी डबी व्हती जड. एकदा मीच डबा घेऊन गेले, कोट धुवायला घेतला तवा खिशातनं काढून त्यांच्या उशाशी ठेवली. म्हणायचे, ही हरवली तर संस्थेत तोंड दाखवता यायचं न्हाई.

यू मिन : मग हाओकाकांनी उत्तर कशी शोधली?

श्यूलान : शोधायची काय त्यात? उत्तर काय हरवलेली शेळी हाय? मागची भिंत उत्तर, दार दक्षिण. घर म्हटलं की दार दक्षिणेलाच.

शांग : वहिनी, हे घर... हे दार दक्षिणेला आहे?

श्यूलान : न्हाई तर कुठं? मी लगीन होऊन आले, सासूनं दारात उभी केली. म्हणाली, दक्षिणेला तोंड कर आन् आभाळाला वाक. भर दुपार व्हती. मी म्हटलं, आत्याबाई, ऊन तर माझ्या कानावर पडतंय, तोंडावर न्हाई. सासू म्हणाली, ऊन चुकलं असंल.

यू मिन : आणि घर कोरलं तेव्हा दिशा कुणी बघितली?

श्यूलान : दिशा बघणारा आला व्हता ना. त्यानं ती मोठी चकती ठेवली, फिरवली, मान हलवली, पुन्ना फिरवली. सासऱ्यानं त्याच्या पुढ्यात सिगारेटची दोन पाकिटं ठेवली. आता डोंगर तर काय वळत न्हाई. दार जिकडं निघतंय तिकडंच निघणार. मंग तो म्हणाला, ही दक्षिण. तवापासनं दक्षिण. समद्या आळीचं असंच हाय. घळ जशी वळती, तशी ज्याच्या त्याच्या घराची दक्षिण वळती. त्यात काय एवढं? कुणाचं अडलंय का आजवर?

(यू मिन होकायंत्र बळदीच्या मागच्या भिंतीवर धरते.)

शांग : वाच.

यू मिन : तुम्हीच बघा, सर.

शांग : चष्मा गाडीत राहिला. वाच.

यू मिन : उत्तरेपासून पूर्वेकडे. बेचाळीस अंश.

शांग : पुन्हा लाव.

यू मिन : लावलंय. बेचाळीस.

शांग : हात...

यू मिन : हाताचं काय, सर?

शांग : काही नाही. हात स्थिर आहे तुझा.

श्यूलान : काय झालं? तोंडं का उतरली दोघांची? भिंतीला काय झालंय?

शांग : काही नाही, वहिनी. वर जाऊ. पेज पिऊ.

यू मिन : असं नका करू. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते.

शांग : सांगतो. जरा बसू द्या. इथं बटाट्यांवरच बसतो... वहिनी, वरच्या मातीवर मी खरी उत्तर लावली. खालच्या मातीवर हाओदादानं घराची उत्तर लावली. दोन्ही मी शेजारी शेजारी मांडल्या आणि जगाला सांगितलं, बघा, मधल्या मध्ये वारा एकेचाळीस अंशांनी फिरला. वारा फिरला नव्हता. तुमचं घर फिरलेलं आहे.

श्यूलान : म्हंजे म्हाताऱ्याचे बाण चुकले.

शांग : चूक माझी आहे.

श्यूलान : चूक कुणाची ते मी इचारलं न्हाई. बाण चुकले का न्हाई, तेवढं सांगा.

शांग : चुकले.

श्यूलान : चौदाच्या चौदा?

शांग : चौदाच्या चौदा.

श्यूलान : आन् तो जन्मभर हात वर करून सांगत बसला. पोराच्या लग्नात सांगितलं, शेवटाला खाटेवर बी सांगितलं, डॉक्टरला. मी हसायची त्याला. आता हसू बी येत न्हाई. बरं झालं आधी गेला.

यू मिन : सर, तुमच्या वहीत लिहिलंय, 'सर्व बाण होकायंत्राने.' मी वाचलंय ते पान. कितीदा वाचलंय. त्या ओळीपायी माझे बाण खोटे ठरले.

शांग : ते मी दवाखान्यातून आल्यावर लिहिलं. बाकीचा गट दुसऱ्या घळीत होता, थंडी वाढली होती, दोन दिवसांत सगळ्यांना परत जायचं होतं. खरं लिहिलं असतं तर गटप्रमुखांनी ठोकळे फेकून दिले असते, आणि मी पाच दिवस कुठं होतो तेही विचारलं असतं. वाटलं, हाओदादा शहाणा माणूस आहे, मी इतक्यांदा दाखवलंय, त्याला येतं. विचारलं नाही. एवढंच विचारायचं होतं, दादा, उत्तर कुठली धरलीस? इतकं सोपं.

यू मिन : आणि नंतर? त्या लाल मातीच्या कणांत साठून राहिलेली चुंबकाची जुनी दिशाही वाकडी आली होती. ती तर उत्तरेलाच यायला हवी होती. आकड्यांत आहे ते. तुम्हाला कधीच संशय आला नाही?

शांग : एकदा आला.

यू मिन : कधी?

शांग : प्रयोगशाळेत, सकाळचा चहा पिताना. कप हातातच राहिला. मग दुपारपर्यंत मी कारण शोधून काढलं. पाणी मुरून त्या मातीची आठवण बिघडली असेल. एक तळटीप टाकली. त्यानंतर तो संशय आला नाही. खरंच नाही आला, यू मिन. तू तुझे आकडे घेऊन आलीस तेव्हाही नाही आला. तुझाच हात हलतोय, असंच मनापासून वाटलं.

यू मिन : मलाही तसंच वाटायला लागलं, सर. अजून वाटतं. फळ्यावर नकाशा काढते, वर उत्तरेचा बाण काढायची वेळ आली की हात थांबतो. फळ्यावर, सर. तिथं तर वर म्हणजे उत्तर, त्यात चुकायला काही जागाच नाही. मुलं हसतात. म्हणतात, मॅडम विसरल्या.

शांग : माझी चूक झाली, यू मिन.

यू मिन : काही नका बोलू. मला नकोय ते. उद्या सातवीचे पेपर द्यायचेत तपासून.

शांग : मी लिहून देतो. आजच. ज्या मासिकात माझा लेख आला होता, त्यांना. तुझं नाव पहिलं घालतो.

यू मिन : माझं नाव कशाला? अकरा वर्षं परत मिळणार आहेत का त्यानं? काय झालं तेवढंच लिहा. जसं झालं तसं.

शांग : मग लिहून घे. माझा हात आता हलतो, खरंच हलतो. घे फोन. 'संपादकांस. माझ्या लेखातील खालच्या थराच्या चौदा ठोकळ्यांवर उत्तर दिशेची खूण करताना स्थानिक मजुराकडून अनवधानाने...'

श्यूलान : मजूर?

शांग : वहिनी, तशी पद्धत असते लिहायची.

श्यूलान : सर्टिफिकेटावर मजूर न्हाई लिहिलेलं. तवा मोलाची मदत व्हती. आता चुकलं तर मजूर झाला?

यू मिन : मी नाही टाइप केलं ते, काकू. 'संपादकांस' पर्यंतच केलंय.

श्यूलान : मास्तर, मला अक्षरं येत न्हाईत, पर सांगते तसं लिहा. त्यानं चूक केली न्हाई. त्याला सांगितलं उत्तर दाखव, त्यानं त्याच्या घराची दाखवली. त्याच्या बापानं तीच दाखवली, मी तीच दाखवीन. तुमाला दुसरी कुठली पायजे व्हती तर तुम्ही हितं असायचं.

शांग : हो.

श्यूलान : न्हाई तर मी ते सर्टिफिकेट हितंच ठेवून जाईन, बुजू दे मातीत. सहाव्या मजल्यावर नेऊन काय करू? नातवंडं इचारतील आजोबांनी काय केलं, तर काय सांगू, वाकडे बाण काढले?

यू मिन : काकू, ते ठोकळे अजून संस्थेत आहेत. मी पाहिलेत. चौदाही सारखेच फिरलेत, एकाच मापानं. दोन अंशांचा फरक नाही एकमेकांत. त्यांनी अंदाजानं काढले असते तर एक इकडं, एक तिकडं झाला असता आणि सगळं फेकून द्यावं लागलं असतं. आता फक्त बेचाळीस मागं फिरवायचं, की चौदाच्या चौदा बरोबर.

श्यूलान : बरोबर म्हंजे?

यू मिन : म्हणजे खरा वारा दाखवतात. मी आत्ता मनातल्या मनात फिरवून बघितले. माझ्या घळीतल्या आकड्यांशी जुळतात.

शांग : जुळतात?

यू मिन : तंतोतंत, सर.

श्यूलान : म्हंजे म्हाताऱ्याचं आन् तुझं एक निघालं.

यू मिन : एक निघालं.

श्यूलान : मंग वाऱ्याचं काय झालं शेवटी? डोंगर उठला ते तरी खरं ना?

शांग : ते खरं, वहिनी. डोंगर उठला, थंडी आली, तिकडचं सगळं वाळलं आणि धूळ इकडं आली. पण हळूहळू आली. त्याच वाटेनं, फक्त जास्त जोरानं. एका दिवसात काही फिरलं नाही. एकदम फिरलं असं म्हटलं की लोक ऐकतात, म्हणून मला ते आवडलं.

श्यूलान : हळूहळूच बरं. माणसाला सवय होती.

शांग : यू मिन, पुन्हा लिही. 'संपादकांस. खालच्या थराचे चौदा ठोकळे काढले तेव्हा मी तिथे नव्हतो. सर्व बाण होकायंत्राने काढले, असे मी वहीत लिहिले. ते खोटे होते.' लिहिलंस?

यू मिन : लिहिलं.

शांग : 'ठोकळे हाओ चेंगवांग यांनी एकट्याने काढले. खुणेला उत्तर कोणती धरायची, हे मी त्यांना सांगितले नव्हते. त्यांनी आपल्या घराची उत्तर धरली आणि शेवटपर्यंत तीच धरली. त्यामुळे ते ठोकळे आजही उपयोगाचे आहेत. माझा निष्कर्ष नाही.'

यू मिन : पुढं?

शांग : 'माझ्या विद्यार्थिनीने हे अकरा वर्षांपूर्वी दाखवून दिले होते. मी तिला चूक ठरवले.' नाव नको म्हणालीस.

यू मिन : ...घाला. यू मिन. घाला नाव.

शांग : खाली माझं. पुरे एवढं. छत्तीस वर्षांचं काम, पाठीवरून उतरल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. नुसतंच दमल्यासारखं वाटतंय.

श्यूलान : पोटात काही न्हाई म्हणून. आन् ते वाचून दाखव, पोरी. आमच्या म्हाताऱ्याचं तेवढं.

यू मिन : 'त्यांनी आपल्या घराची उत्तर धरली आणि शेवटपर्यंत तीच धरली.'

श्यूलान : हां. शेवटपर्यंत धरली. तसाच व्हता तो. गाढवासारखा. जाताना मी ते सर्टिफिकेट माझ्या रजईत गुंडाळते, ट्रकात काच फुटायची.

यू मिन : सर, ठोकळा काढायचा अजून? उद्या हे सगळं बंद होईल.

शांग : एक काढू. पंधरावा. पत्रासोबत लागेल. दे ते होकायंत्र इकडं, मी बाण...

यू मिन : नको, सर. बाण मी काढते. तुम्ही बॅटरी धरा.

शांग : धरतो. अशी?

यू मिन : थोडी खाली. हां.

श्यूलान : श्वास घेऊ का, का माती हलंल?

यू मिन : घ्या, काकू. काही हलत नाही.

शांग : झाला?

यू मिन : झाला. एकदाच काढला.

श्यूलान : चला मंग, पेजेवर साय धरली असंल आता. मास्तर, डोकं सांभाळा. बटाट्यांच्या बाजूनं नगा, दक्षिणेला... दाराकडं चला.